मळी, ऊस आणि पेट्रोल: भारतातील इथेनॉल मिश्रणाचा इतिहास

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून त्यावर रोजच्या वापरातील मोटारी आणि दुचाकी चालवण्याची कल्पना भारताला एकविसाव्या शतकात सुचलेली नाही. तिचा इतिहास स्वातंत्र्यपूर्व काळातील साखर कारखानदारीपर्यंत मागे जातो, आणि तो क्रमाने पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: पेट्रोलमध्ये इथेनॉल किती असावे हे इंजिनाच्या गरजेपेक्षा कारखान्यातील मळीच्या साठ्याने, गोदामातील साखरेने आणि त्या वर्षीच्या पावसाने अधिक वेळा ठरवले. ज्याच्या टाकीत हे मिश्रण जायचे तो वाहनमालक मात्र या निर्णयप्रक्रियेत जवळजवळ कुठेच नव्हता. ऊस उत्पादकाचे हित, तेलाच्या आयातीवरील खर्च आणि वाहनचालकाचा हक्क या तिन्हींचा एकत्र विचार न झाल्यामुळे ही योजना अनेकदा अडखळली, आणि ती यशस्वी झाली तेव्हाही तिच्याबद्दलचा अविश्वास मागे उरला.

१९३२ साली ब्रिटिश सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि जावा बेटावरून येणाऱ्या साखरेसमोर आयात शुल्काची भिंत उभी केली. त्याआधी उसापासून थेट साखर करणारे जेमतेम तीसेक कारखाने देशात होते. पुढील पाच-सहा वर्षांत त्यांची संख्या सव्वाशेच्या पुढे गेली आणि साखरेबरोबर मळीचाही महापूर आला. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचे स्फटिक वेगळे काढत गेल्यावर, ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही असा काळपट, दाट आणि चिकट द्रव शेवटी उरतो, त्याला मळी म्हणतात. एक टन उसामागे साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते. त्या काळी तिला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. ओढ्यात सोडली तर पाणी नासे आणि खड्ड्यात साठवली तर परिसरात दुर्गंधी पसरे. उत्तरेकडील संयुक्त प्रांत आणि बिहार या दोन प्रांतांत कारखाने सर्वाधिक असल्यामुळे मळीचे करायचे काय, हा प्रश्नही तेथेच सर्वांत आधी उग्र झाला.

या प्रश्नाचे एक उत्तर रसायनशास्त्राकडे तयार होते. मळीत पाणी आणि किण्व, म्हणजे यीस्ट, घालून ती आंबवली की तिच्यातील साखरेचे इथाइल अल्कोहोल, अर्थात इथेनॉल, बनते, आणि ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढता येते. मात्र साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोलची तीव्रता साधारण ९५ टक्क्यांपर्यंतच जाते, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल यांचे असे मिश्रण होते की दोन्ही एकत्रच उकळतात. या द्रवाला रेक्टिफाइड स्पिरिट म्हणतात. औषधे आणि रसायने यांना ते चालते, पण पेट्रोलला चालत नाही, कारण त्यातील पाच टक्के पाणी पेट्रोलशी एकजीव होत नाही. म्हणून उरलेले पाणी काढून निर्जल अल्कोहोल तयार करणे ही इंधन म्हणून वापरण्याची पहिली अट ठरली. पूर्वी त्यासाठी बेन्झीनसारखा तिसरा द्रव मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन करावे लागे. ही पद्धत खर्चिक होती आणि आरोग्याला घातकही होती.

अशा निर्जल अल्कोहोलला त्या काळच्या कागदपत्रांत ‘पॉवर अल्कोहोल’ म्हटले जाई. म्हैसूर संस्थानात मंड्या येथील साखर कारखान्याच्या आधाराने त्याचे उत्पादन झाले आणि संयुक्त प्रांताने १९४० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाने या प्रयत्नांना निकड दिली. पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, अनेक शहरांत लाकडी कोळशापासून निघणाऱ्या वायूवर बसगाड्या चालू लागल्या आणि देशात तयार होणाऱ्या इंधनाच्या प्रत्येक थेंबाला मोल आले. हाच अनुभव गाठीशी घेऊन स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा केला. किमान ९९.५ टक्के शुद्धतेचे इथाइल अल्कोहोल म्हणजे पॉवर अल्कोहोल, अशी व्याख्या त्यात होती; उत्पादनासाठी परवाना आवश्यक ठरवला होता आणि ठरावीक भागात पेट्रोलमध्ये ते मिसळणे सक्तीचे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. म्हणजे आज ज्या तत्त्वावर देशभर मिश्रण चालते, ते तत्त्व स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आतच कायद्यात आले होते.

त्याच १९४८ साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५० च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढील तीन दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या जिल्ह्यांत सहकारी कारखान्यांची साखळी उभी राहिली, अनेक कारखान्यांनी आसवनी, म्हणजे डिस्टिलरी, जोडली, आणि महाराष्ट्र अल्कोहोलच्या उत्पादनात अग्रेसर राज्यांपैकी एक झाला. तरीही हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये गेले नाही. १९५४ आणि १९५५ मध्ये तुर्भे येथे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर पेट्रोलची चणचण संपली आणि स्वस्त खनिज तेलापुढे निर्जल अल्कोहोल महाग ठरू लागले. दुसरीकडे ॲसेटिक ॲसिडपासून कृत्रिम रबरापर्यंत अनेक पदार्थ करणाऱ्या नव्या रसायन उद्योगाने अल्कोहोलवर हक्क सांगितला, आणि परकीय चलन वाचवणारा हा उद्योग सरकारलाही अधिक महत्त्वाचा वाटला. तिसरा हक्क मद्याचा होता. मद्यावरील अबकारी कर हा राज्यांच्या तिजोरीचा मोठा आधार असल्याने आसवनीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लिटरवर उत्पादन शुल्क खात्याचे कुलूप आणि परवाना असे. तीन दावेदार असलेल्या या मालात पेट्रोलचा क्रमांक कायम शेवटचा राहिला.

१९७३ च्या तेलसंकटाने जगभर पर्यायी इंधनांचा शोध सुरू झाला, तेव्हा ब्राझीलने वेगळा मार्ग निवडला. तेथे १९३१ पासूनच आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळण्याची सक्ती होती. १९७५ मध्ये सरकारने ‘प्रोआल्कोल’ नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, १९७९ मध्ये केवळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ ही मोटार बाजारात आली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी अल्कोहोलवरच्या होत्या. पुढे खनिज तेल स्वस्त झाले, साखरेला चांगला भाव मिळू लागला आणि १९८९ च्या सुमारास अल्कोहोलचा तुटवडा पडून चालकांना पंपांवर रांगा लावाव्या लागल्या, तेव्हा लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ मध्ये, कोणत्याही प्रमाणातील मिश्रण चालवून घेणाऱ्या ‘फ्लेक्स’ मोटारींमुळे. पंपावर उभे राहून त्या दिवशीचे भाव पाहून कोणते इंधन घ्यायचे हे ठरवण्याची सत्ता त्या मोटारीने चालकाच्या हाती दिली. भारतात तेलसंकटाच्या त्या काळात पेट्रोलचा खप डिझेल आणि केरोसीनच्या मानाने थोडा होता, मोटार ही चैन समजली जात होती आणि अल्कोहोल रसायन उद्योगाला बांधलेले होते, त्यामुळे येथील प्रयत्न चाचण्या आणि अहवाल यांच्या पलीकडे फारसे गेले नाहीत.

परिस्थिती पालटली ती १९९० च्या दशकात. १९९३ मध्ये केंद्राने मळी आणि अल्कोहोल यांच्या किमती व वाटपावरील नियंत्रण उठवले. रसायन उद्योग हळूहळू खनिज तेलापासून मिळणाऱ्या कच्च्या मालाकडे वळला होता, तर साखरेचे उत्पादन आणि त्याबरोबर मळी वाढतच होती. निर्जल अल्कोहोलसाठी बेन्झीनऐवजी ‘मॉलिक्युलर सीव्ह’ हे तंत्र उपलब्ध झाले होते. त्यातील सूक्ष्म छिद्रांचे दाणे पाण्याचे रेणू अडकवून ठेवतात आणि अल्कोहोलचे मोठे रेणू पुढे जाऊ देतात. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागल्याने, इंधनाची अवेळी पेट घेण्याची प्रवृत्ती रोखणारा ऑक्टेन अंक वाढवणाऱ्या घटकांची गरजही निर्माण झाली, आणि इथेनॉलमध्ये तो गुण भरपूर आहे. त्याच वर्षी १९४८ चा जुना पॉवर अल्कोहोल कायदा कालबाह्य म्हणून रद्द झाला, आणि पुढच्याच वर्षी त्या कायद्याने सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात येऊ लागली.

२००१ च्या एप्रिलमध्ये मिरज येथे आणि जूनमध्ये मनमाड येथे पाच टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. तिसरा प्रकल्प उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला येथे होता. महाराष्ट्रातील या दोन्ही जागा या कामाला साजेशा होत्या. मिरजेच्या भोवती सांगली-कोल्हापूरचा ऊसपट्टा आहे, तर मनमाडजवळ पानेवाडी येथे मुंबईहून नळवाहिनीने येणारे पेट्रोल साठवणारे तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि नगर जिल्ह्यातील कारखाने तेथून दूर नाहीत. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. लांब नळवाहिनीत कुठेही पाणी साचलेले असेल तर ते शोषून घेते. म्हणून ते पेट्रोलबरोबर नळवाहिनीतून पाठवत नाहीत. कारखान्यातून टँकरने ते डेपोत आणतात आणि पंपाकडे जाण्याच्या आधी तेथेच पेट्रोलमध्ये मिसळतात. खरी कसोटी त्यानंतर असते. पंपावरील जमिनीखालच्या टाक्यांत झाकणातून झिरपलेले किंवा हवेतील बाष्पापासून जमलेले थोडे पाणी तळाशी असते. साध्या पेट्रोलच्या बाबतीत ते तळाशीच पडून राहते आणि त्रास देत नाही. मिश्रणात मात्र पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली बसते. मग वरच्या थराचा ऑक्टेन घटतो आणि खालचा थर गाडीच्या टाकीत गेला तर इंजिन आचके देऊन बंद पडते. यामुळे टाक्या कोरड्या करणे, त्यांची झाकणे घट्ट बसवणे आणि तळाशी पाणी आहे का हे नियमित तपासणे ही पंपचालकांसाठी नवी शिस्त झाली.

या प्रयोगांचे निष्कर्ष समाधानकारक वाटल्याने केंद्राने १ जानेवारी २००३ पासून महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू करण्याची अधिसूचना काढली. योजना कागदावर परिपूर्ण होती, पण तिचा कच्चा माल शेतात उभा होता. २००२ आणि २००३ ही वर्षे दुष्काळाची ठरली, आणि त्यातच उसाच्या पानांच्या मागे कापसासारखा पांढरा थर धरून रस शोषणाऱ्या लोकरी माव्याने पश्चिम महाराष्ट्रातील फड ग्रासले. देशातील साखरेचे उत्पादन २००२-०३ मधील सुमारे २०० लाख टनांवरून दोन वर्षांत १३० लाख टनांच्या आसपास घसरले. ऊस नाही म्हणून मळी नाही आणि मळी नाही म्हणून अल्कोहोल नाही, अशी साखळी तयार झाली. ब्राझीलकडून अल्कोहोल आयात करावे लागले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सक्ती सैल करून, इथेनॉल उपलब्ध असेल आणि भाव परवडत असेल तरच मिसळावे, असे सांगण्यात आले. पहिला टप्पा पावणेदोन वर्षांत थांबला.

२००६-०७ मध्ये विक्रमी साखर झाल्यावर योजना पुन्हा जोर धरू लागली. पाच टक्के मिश्रण वीस राज्यांपर्यंत वाढवले गेले, २००७ मध्ये लिटरमागे २१ रुपये ५० पैसे आणि २०१० मध्ये २७ रुपये असा भाव ठरला. परंतु मद्य आणि रसायने यांचे उत्पादक जादा भाव देत असताना कारखान्यांना तेल कंपन्यांकडे वळण्याचे कारण नव्हते, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात टँकर नेताना परवाने व शुल्क यांचे अडथळे होतेच. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्क्यांचे ध्येय जाहीर केले, तरी २०१३-१४ मध्ये देशाची प्रत्यक्ष सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती. भाव आणि पुरवठा यांची हमी नसेल तर केवळ उद्दिष्ट जाहीर करून इंधन बदलत नाही, हा या दशकाचा स्पष्ट धडा होता.

डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने पुन्हा निश्चित खरेदी भाव ठरवले, २०१६ मध्ये कायदादुरुस्तीने इंधनासाठीच्या इथेनॉलवर केंद्राचे नियंत्रण प्रस्थापित केले आणि २०१८ च्या नव्या जैवइंधन धोरणाने कच्च्या मालाची व्याप्तीच बदलली. त्या वर्षी साखर उत्पादन ३२० लाख टनांच्या पुढे गेले होते, भाव कोसळले होते आणि शेतकऱ्यांची ऊसबिले वीस हजार कोटी रुपयांहून अधिक थकली होती. आता केवळ शेवटच्या मळीपासून नव्हे, तर आणखी साखर काढता येईल अशा ‘बी-हेवी’ मळीपासून आणि थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्यास परवानगी मिळाली, आणि प्रत्येकाला वेगळा, चढता भाव ठरला. एक टन उसाच्या शेवटच्या मळीतून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते, तर तोच ऊस साखर न करता पूर्णपणे इथेनॉलकडे वळवला तर सुमारे ७० लिटर मिळते. यावरून या बदलाचे मोठेपण लक्षात येते. साखर गोदामात महिनोन्महिने पडून राहते आणि तिच्यावर कर्जाचे व्याज चढते, तर इथेनॉलचे पैसे काही आठवड्यांत हाती येतात. त्यामुळे चौदा दिवसांत उसाचा रास्त व किफायतशीर भाव, म्हणजे एफआरपी, चुकती करण्याचे बंधन असलेल्या कारखान्यांना ही मोठी सोय झाली. मळीचा निचरा म्हणून सुरू झालेली योजना आता साखरेच्या भावाला आधार देणारी झाली.

त्यानंतर प्रमाण झपाट्याने वाढले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट ठरलेल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल, म्हणजे ई-२०, निवडक पंपांवर आले आणि मूळ २०३० ची मुदत आधी आणून २०२५ मध्येच देशाची सरासरी २० टक्क्यांवर पोहोचली. तरीही पावसावरचे अवलंबन संपले नव्हते. २०२३ चा ऑगस्ट महिना शतकाहून अधिक काळातील सर्वांत कोरडा गेला आणि उसाची वाढ खुंटली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने ऐन गाळप हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. काही दिवसांतच ती अंशतः शिथिल झाली, पण कर्ज काढून आसवन्या वाढवलेल्या कारखान्यांना तोवर फटका बसला होता. ही तूट भरून काढण्यासाठी मका आणि तांदूळ यांकडे मोर्चा वळला आणि पुढील काळात धान्यापासूनचे इथेनॉल उसाच्या बरोबरीने, किंबहुना अधिक प्रमाणात, पुरवले जाऊ लागले. त्याबरोबर मक्याचे भाव चढल्याची कुक्कुटपालन व्यवसायाची तक्रारही सुरू झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचा सर्वांत गंभीर भाग पाण्याचा आहे. लागवडीखालील एकूण जमिनीचा लहानसा भाग व्यापणारा ऊस राज्यातील सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, आणि पर्जन्यछायेतील सोलापूर व मराठवाडा येथेही कारखाने वाढतच गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी पाठवावे लागले, ते मिरजेहून. पंधरा वर्षांपूर्वी जेथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा पहिला प्रयोग झाला, त्याच कृष्णाकाठच्या गावाने उसाचे मोठे पीक घेणाऱ्या जिल्ह्याची तहान भागवावी, ही घटना इंधनाच्या हिशोबात पाण्याची किंमत धरलीच पाहिजे हे पुरेशा स्पष्टपणे सांगते.

वाहनमालकाचा प्रश्न मात्र सर्वांत उशिरा चर्चेत आला. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ई-२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेईल असे, अधिक दाबावर चालणारे इंजिन बनवले तर ही तूट बरीच भरून निघते. जुन्या इंजिनात ती मायलेजच्या रूपाने दिसते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेही शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० शी जुळवलेल्या चारचाकी वाहनांत सहा ते सात टक्के घट अपेक्षित धरली होती, ग्राहकाला करसवलतीच्या रूपाने भरपाई द्यावी असे सुचवले होते आणि जुन्या वाहनांसाठी ई-१० उपलब्ध राहावे अशी भूमिका घेतली होती. शिवाय इथेनॉल काही प्रकारच्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवते किंवा ठिसूळ करते व पाण्याच्या संगतीने धातू गंजवते. म्हणून एप्रिल २०२३ पासून ई-२० ला टिकणारे सुटे भाग असलेली वाहने बाजारात येऊ लागली. रस्त्यावरची कोट्यवधी वाहने त्याआधीची होती. २०२५ मध्ये बहुतेक पंपांवर ई-२० हाच पर्याय उरला, भावात सवलत मिळाली नाही, आणि मायलेज व वॉरंटी यांबाबत तक्रारींचा भडका उडाला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे कायदेशीर वाद मिटला, पण ग्राहकाच्या मनातील प्रश्न कायम राहिला.

या नऊ दशकांच्या वाटचालीचा निष्कर्ष इथेनॉलच्या विरुद्ध जात नाही. आयात तेलावर अवलंबून असलेल्या देशात शेतमालापासून निघणारे, ऑक्टेन वाढवणारे आणि शेतकऱ्याच्या हाती वेळेवर पैसा देणारे इंधन हे खरोखर मोलाचे आहे, आणि २०१३-१४ मधील दीड टक्क्यापासून २० टक्क्यांपर्यंतची मजल ही प्रशासन, कारखानदारी आणि तंत्रज्ञान यांची मोठी कामगिरी आहे. परंतु १९३० च्या दशकात मळीच्या, २०१८ मध्ये साखरेच्या आणि पुढे धान्याच्या साठ्याकडे पाहून प्रमाण ठरत गेले, आणि २००३ व २०२३ या दोन्ही वेळी कोरड्या आभाळाने ते गणित उधळले. पुढचे प्रमाण ठरवताना पाण्याची उपलब्धता हा पहिला निकष असायला हवा. पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहिणे, कमी ऊर्जेच्या लिटरला कमी भाव लावणे आणि जुन्या वाहनाला त्याच्या रचनेला मानवणारे इंधन मिळू देणे, या गोष्टी धोरणाच्या आड येणाऱ्या नाहीत, कारण या इंधनाची अखेरची किंमत वाहनमालकच मोजतो, आणि त्याचा विश्वास गेला तर काय होते हे ब्राझीलने १९८९ नंतर अनुभवले आहे.